आवाज लिहून पाठव

कळंबा, कोल्हापूर
१ सप्टेंबर २०२४

केरबाकाका,
सप्रेम जयभीम.

मी साक्षी. कळंब्याच्या जयसिंग ड्रायव्हरची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. उद्यमनगरातल्या तुमच्या गॅरेजात ऑईलच्या रिकाम्या डब्यावर बसून तुमचं आणि पप्पांचं भांडण ऐकायचे. शर्यतीच्या गाडीचं नाक किती खाली घ्यायचं, यावरून तुम्ही तासभर भांडायचात आणि मग एकाच ताटात जेवायचात. त्याला आता बारा वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात तुमच्या कुरुंदवाडच्या घरी फोन केला होता. झुंबरकाकींनी उचलला. म्हणाल्या, "अगं, त्यांस्नी सहा वर्सं झाली, काय बी ऐकू येत न्हाय. मोबाईलवर वाचाय दिलं की चिडतात. कागदावर लिहून पाठव, उत्तर देतील." म्हणून हे पत्र.

मला गाडी घ्यायची आहे. लहान, पुढच्या चाकांनी ओढणारी, टर्बो पेट्रोल. पळणारी, पण आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली. मी गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे टर्बोचं बाहेरचं कवच ओततात, गोगलगायीच्या शंखासारखं. रोज शेकडो शंख माझ्या हाताखालून जातात. कुठे भोक आहे, कुठे वाळू अडकली आहे, सगळं कळतं. पण टर्बोच्या गाडीत मी अजून बसलेलीसुद्धा नाही.

तीन गाड्या डोळ्यांसमोर आहेत. टाटाची अल्ट्रोझ रेसर, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाईन आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी. पोलो आता नवीन मिळत नाही, पण कोडोलीच्या एकांची विकायची आहे. कशी निवडायची ते सांगाल का? या गावात दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

पप्पांना हे पत्र माहीत नाही. उत्तर कंपनीच्या पत्त्यावर पाठवा, खाली लिहिला आहे.

तुमची,
साक्षी


कुरुंदवाड
९ सप्टेंबर

साक्षी बाळ,

पोस्टमननं पाकीट हातात दिलं. मागं कळंबा वाचलं आणि ओट्यावरच बसलो. काकी भाईर येऊन काय तरी बोलली, मी मान हलवली. काय बोलली ते आजून ठाऊक न्हाय.

मी बहिरा झालोय हे तुला कळलंच. इंजिनं टेस्टिंगला लावून पंचवीस वर्सं त्यांच्या शेजारी हुभा राहिलो, त्याचं फळ. गॅरेज बंद केलं, हिकडं गावाकडं आलो. चार म्हशी हायत. म्हशीला मी बोललेलं कळतंय, तिचं मला ऐकावं लागत न्हाय. बरं चाललंय.

आता गाडीचं. तू शंख बघतीस, तर तुला निम्मं ठाऊकच हाय. इंजिनातनं वाया जाणारा धूर त्या शंखात शिरतो, आतलं चाक फिरवतो, आणि ते चाक इंजिनात जादा हवा कोंबतं. म्हंजे गाडी आपल्याच सोडलेल्या श्वासावर पळती. आमच्या येळंला असली गाडी साध्या माणसाला मिळत न्हवती. आमी नुसत्या इंजिनाला खरवडून खरवडून जोर काढायचो. तू नशीबवान.

आणि पुढच्या चाकाची गाडी म्हंजे एकाच माणसाला दोन कामं. त्याच चाकांनी वळायचं, त्याच चाकांनी ओढायचं. वळताना टर्बोनं जोर दिला की स्टिअरिंग हातात जित्त्या माशागत हलतं. चांगली गाडी ती, जी त्या येळंला तुझ्याशी खरं बोलती.

म्हणून आकडे लिहू नगंस. कागदावर टाटाची बी एकशेवीस घोड्यांची आणि ह्युंदाईची बी एकशेवीस घोड्यांची. घोडं मोजून कुणाला काय कळलंय? तिन्ही चालवून बघ. पाय दाबल्यावर जोर यायच्या आधी गाडी किती थांबती, आणि थांबती तवा तुझ्या पोटात काय हुतंय ते लिही. स्टिअरिंग काय सांगतं ते लिही.

आणि आवाज लिहून पाठव. मला ऐकू येत न्हाय, पर वाचता येतंय की.

जयसिंग गाडी चालवतो का गं आता?

केरबा


कळंबा
२९ सप्टेंबर

केरबाकाका,

दोन गाड्या चालवल्या. शनिवारी टाटाची, आज सकाळी ह्युंदाईची.

टाटाची नारंगी होती, काळ्या बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. शोरूमचा माणूस शेजारी बसला आणि म्हणाला, "मॅडम, घरी विचारलंय का? ही जरा भडक हाय." म्हटलं, आमचं घरच भडक आहे की. शिरोलीहून वडगाव फाट्याकडे निघालो. हायवे मोकळा होता. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं आणि पलीकडच्या शेतांवर धुकं पांढऱ्या चादरीसारखं पडलेलं.

तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. आधी काहीच नाही. जत्रेतला पाळणा वर जाऊन एक क्षण थांबतो ना काका, खालची माणसं लहान दिसतात आणि आपलं वजन कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतं, तसं. मग काटा दोन हजारांच्या पुढे गेला आणि पाठीवर कुणीतरी हात ठेवला. ढकललं नाही, नुसता मोठा, गरम हात ठेवला आणि म्हणालं, चल. मी हसायला लागले. शोरूमवाला दरवाजा धरून बसला होता. सहा गिअर आहेत, आणि मला प्रत्येक गिअर टाकताना मनगटात तो खट्‌ असा लागणारा धक्का पुन्हा पुन्हा हवासा वाटत होता. स्टिअरिंग मासा झालं होतं, पण मला ओळखणारा मासा. आवाज कसा सांगू? पिठाच्या गिरणीत पट्टा धरायच्या आधी जी घरघर असते, ती. आणि मग पट्टा धरल्यावर सगळी गिरणी एका सुरात लागते, तसा. परत येताना मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. दोनदा.

ह्युंदाईची निळी होती. हिला दोनच पायडल. क्लच नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती आहेत, बोटाने ओढली की गिअर बदलतो. डाव्या पायाला कामच नाही. तो बाजूला सरळ ठेवून दिला तरी चालतो, अगदी ताठ ठेवला तरी. मी मुद्दाम ठेवून बघितला. सीट मागे सरकवली की पायाला जागा भरपूर आहे. क्लच नसला तरी गाडी मंद वाटत नाही, हे महत्त्वाचं. ही कमी थांबते. पाळणा वर जाऊन थांबत नाही, वळतो फक्त. लहानपणी तांब्याच्या घागरीत तोंड घालून आम्ही "हूं" करायचो, तसा आवाज, मागच्या दोन नळ्यांतून. उतरतानाही त्रास नाही, क्लचचा पाय उचलायचाच नाही ना.

पप्पा बरे आहेत.

साक्षी


कुरुंदवाड
६ ऑक्टोबर

साक्षी बाळ,

तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या पहाटं मला सपान पडलं. घाटावरनं पाण्यात गाडी घातली. नारंगी. कृष्णा आणि पंचगंगा जिथं मिसळतात तिथं पाणी एकदम सपाट हुतं, आणि चाकं बुडत न्हवती. मी तिसऱ्या गिअरात हुतो. पुढं धुकं, मागं धुकं. काटा दोन हजारांवर गेला आणि तुझी गिरणी लागली. पट्टा धरला, सगळं पाणी एका सुरात वाजाय लागलं. मी किती तरी येळ गेलो, पल्याडचा काठ आलाच न्हाय, आणि यावा असं बी वाटलं न्हाय.

बहिऱ्या माणसाची सपनं बहिरी नसतात. सहा वर्सांत मला एवढंच नवीन कळलंय. पर सपनात सगळं जुनंच वाजायचं. ह्यो आवाज नवा हुता. मी कधी न ऐकलेला. उठलो तवा काकी चहा घेऊन हुभी. मी तिला म्हटलं, आज ऐकलं मी. ती रडली. रडायसारखं काय न्हवतं.

आता तुझ्या गाडीचं बोलतो. नारंगीवर तू एवढं लिहिलंस, त्यात तू हुतीस. हसलीस, लांबनं आलीस, दोनदा. निळीवर कमी लिहिलंस आणि त्यात डावा पाय चार जागी हाय. ताठ पाय. सीट मागं. उतरताना तरास न्हाय.

सत्तावीस वर्सांच्या पोरीला पाय ताठ ठेवून कशाला बघावा लागतो?

नारंगी तुझी गाडी हाय, ते मला कळलं. निळी कुणाची?

केरबा


कळंबा
२० ऑक्टोबर

केरबाकाका,

तुम्हाला फसवायचं नव्हतं. तुम्ही 'नाही' म्हणाल अशी भीती वाटली.

निळी पप्पांची. त्यांचा डावा गुडघा त्या दिवसापासून वाकत नाही. बारा वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. रिक्षात बसले तरी डोळे मिटून बसतात. एमायडीसीतल्या एका वजनकाट्यावर कामाला आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या काट्यावर चढतात, उतरतात. पप्पा खिडकीतून नंबर लिहून घेतात. सकाळी काठी घेऊन कळंबा तलावावर जातात आणि पाण्याकडे बघत बसतात. कुणाशी फार बोलत नाहीत.

पण काका, रविवारी दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागतो तेव्हा त्यांचा उजवा पाय हलतो. दाबतो, सोडतो. आई म्हणते, "बघ, निघाले." एकदा मी समोर बसून बराच वेळ बघितलं. ते एका वळणात शिरले. पाय अलगद सुटला. मग हळूहळू, अगदी हळू, दाबत दाबत बाहेर आले. हाताची बोटं मांडीवर थोडी फिरली. चेहरा इतका शांत होता की मला वाटलं यांना उठवूच नये, आणि उठवलं तर खऱ्या गाडीतच उठवावं. त्या दिवशी मी ठरवलं.

पोलोही चालवली. कोडोलीच्या उदयसिंहांची. ते शेजारी बसले, आम्ही वाघबिळावरून पन्हाळ्याला गेलो. वर ढग रस्त्यावर उतरले होते. शेजारच्या घरात कुणी शिलाई मशीन चालवावी आणि आपल्याला झोप लागावी, तसा तिचा आवाज. चढ आहे हे ती कळूच देत नाही. ढगातून ढगात गेलो. तीही क्लचविना चालणारी आहे, आणि मी जवळजवळ 'हो' म्हणणार होते. परत आल्यावर उदयसिंह बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "पावणं, राग मानू नका. तुम्ही चालवताना बघितली आणि मन फिरलं. न्हाय विकत मी." मला राग आला नाही.

तर निळीच.

आता एक विचारते. त्या दिवशी माळावरच्या शर्यतीत काय झालं होतं? पप्पांना विचारलं की एकच वाक्य बोलतात, "गाडी केरबानं बांधली होती." तुम्ही दवाखान्यात एकदा आलात आणि पुन्हा कधीच आला नाहीत. मला माहीत असायला हवं, असं वाटतं.

साक्षी


कळंबा
२४ नोव्हेंबर

केरबाकाका,

दिवाळी होऊन गेली, तुमचं पत्र नाही. माझ्या प्रश्नाने दुखावलं असेल तर माफ करा. काकींना फोन केला, त्या म्हणाल्या, "बरे हायत. कागद घेऊन बसतात आणि फाडतात."

गाडी आली. निळी. दारात आणून लावली, आईने ओवाळलं. पप्पा बाहेर आले, काठीवर वाकून एक चक्कर मारली, पुढच्या चाकाशी थांबले. मी चावी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "तू चालव. मला नगं." आणि आत गेले.

दहा दिवस झाले. मी तिच्यातूनच कामावर जाते. घागर मस्त वाजते. पण मी चुकीच्या सीटवर बसले आहे असं रोज वाटतं.

साक्षी


कुरुंदवाड
१ डिसेंबर

साक्षी,

सात कागद फाडले. ह्यो आठवा. ह्यो फाडणार न्हाय.

त्या दिवशी माळावर दोन फेऱ्या झाल्या हुत्या. जयसिंगनं गाडी माझ्यापाशी आणली, काच खाली घेतली आणि म्हणाला, "केरबा, वळताना पुढनं कट-कट वाजतंय. बघ जरा." पुढच्या चाकाच्या दांड्याचा सांधा खराब झाला की तसं वाजतं. पुढच्या चाकाच्या गाडीत सगळा भार त्या सांध्यावर. मी म्हटलं, फिरीव. त्यानं गाडी हळू गोल फिरवली. मी वाकून, कान चाकाशी लावून, संगं चालत गेलो. पुरी एक चक्कर.

मला काय बी ऐकू आलं न्हाय.

वाजत न्हवतं म्हणून न्हवं. माझा कान गेला हुता म्हणून. त्याच्या आधी दोन वर्सांपासनं जात हुता. बारीक आवाज आधी गेलं. पाखरं गेली, भांड्यांची किणकिण गेली. माणसांचं बोलणं ऱ्हायलं हुतं, म्हणून कुणाला कळलं न्हाय. काकीला बी न्हाय. उद्यमनगरात माझं नाव माझ्या कानावर चालत हुतं, पोरी. लोक सांगायचे, केरबाला बॉनेट उघडावं लागत न्हाय, गाडी गल्लीत शिरली की तो सांगतो काय बिघडलंय. तसला माणूस कुठल्या तोंडानं सांगणार की मला ऐकू येत न्हाय?

जयसिंगनं विचारलं, "काय?" मी म्हटलं, "काय न्हाय. जा."

तिसऱ्या फेरीत सांधा तुटला, चाक जाम झालं आणि गाडी उलटली.

दवाखान्यात तो मला म्हणाला, "तू बघितलंच न्हाईस. नुसतं जा म्हणालास." त्याला वाटलं मी कंटाळा केला, निष्काळजीपणा केला. मी निष्काळजी म्हणवून घेतलं. बहिरा म्हणवून घ्यायचं धाडस झालं न्हाय. त्यानंतर त्याच्या दारात यायला पायच उचलला न्हाय.

हे त्याला दाखव. दाखवू नगंस असं लिहून पाचवा कागद फाडला हुता.

केरबा


कळंबा
१५ डिसेंबर

काका, पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, काठी घेतली आणि तलावावर गेले. नेहमी अर्ध्या तासात येतात, काल दुपार झाली. मग कागद मागितला. सोबतचं त्यांचं आहे. मी वाचलेलं नाही.
– साक्षी

केरब्या,

रामराम. बारा वर्सांनी लिहितोय, अक्षर लागलं तर बघ.

तुला ऐकू येत न्हवतं हे पोरीच्या हातनं कळलं. गाढवा, मला सांगायचं हुतंस. मी काय गावभर दवंडी दिली असती व्हय?

आता माझं ऐक. म्हंजे वाच.

तुला ऐकू येत न्हवतं. मला येत हुतं. पैल्या फेरीपासनं. किती वर्सं गाड्या हाणल्या मी, सांधा वाजाय लागल्यावर काय हुतं ते मला कळत न्हवतं व्हय? पर दुसऱ्या फेरीला माझा टायमिंग सगळ्यांत चांगला लागला हुता, आणि मला थांबायचं न्हवतं. तुला विचारलं ते तू 'थांब' म्हणावंस म्हणून न्हवं. 'जा' म्हणावंस म्हणून विचारलं. तू 'थांब' म्हणाला असतास तरी मी गेलो असतो. फरक एवढाच, मग दोष द्यायला कोण उरलं नसतं.

गाडी केरबानं बांधली हुती, असं बारा वर्सं सांगितलं. गाडी चालवत कोण हुतं, ते कुणाला सांगितलं न्हाय. घरात बी न्हाय. पोरीला बी न्हाय. बारा वर्सं ह्यो गुडघा तुझ्या नावानं दुखवत बसलो.

काल तलावावर बसलो हुतो. पाण्यावर वारं न्हवतं. एक बगळा हुता, तो बी हालत न्हवता. मला असं वाटाय लागलं की ही सगळी वर्सं मी त्या उलटलेल्या गाडीतच बसून हाय, पट्टा लावून, आणि भाईर याय कुणी अडवलेलं न्हाय.

पोरीनं लायसनच्या हापिसात न्यायचं म्हणून कागद करून ठेवलेत. डाव्या पायाशिवाय चालवायची नोंद करून देतात म्हणं. जातो मी. एक महिना तलावाच्या रस्त्यावर शिकतो, नव्या पोरागत. मग तुझ्याकडं येतो. पळून जाऊ नगंस.

जयसिंग


कुरुंदवाड
२१ जानेवारी २०२५

साक्षी बाळ,

परवा रविवारी तू काकीसंगं सोप्यात बसून धपाटं खात हुतीस आणि आमी दोघं गाडी घेऊन गेलो. रस्त्यावर काय झालं ते तुझा बाप तुला नीट सांगणार न्हाय, म्हणून मी लिहितोय.

दारात आमी एकमेकांस्नी बघितलं ते तू बघितलंसच. तो म्हातारा झालाय. मी तर झालोच. त्यानं माझ्या कानाकडं बघितलं, मी त्याच्या गुडघ्याकडं. मग त्यानं दार उघडून दिलं.

घाटाच्या रस्त्यानं निघालो. धुकं आजून उठलं न्हवतं, आणि ऊन त्याच्या आत शिरलेलं, म्हणून सगळीकडं दुधात हळद टाकल्यागत दिसत हुतं. झाडं निम्मीच. माणसं येकायेकी उगवायची आणि मागं विरघळून जायची. मला एक-दोनदा शंका आली, हे बी सपानच असंल. म्हणून मी दाराच्या पत्र्याला बोटं लावून ठेवली. थरथर लागत हुती. सपनात कधी थरथर लागत न्हाय.

जयसिंग सारखा बोलत हुता. रस्त्याकडं बघून. तो बोलतोय हे मला त्याच्या गालावरनं दिसायचं, शब्द कळायचे न्हाईत. तोंड समोर असलं तर मी ओठावरनं ओळखतो, बाजूनं जमत न्हाय. त्याला ते ठाऊक न्हवतं आणि मी सांगितलं न्हवतं. तीन-चार मैल तो बोलला, मी मान हलवली. जुनी खोड.

मग फुडं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्यांचा, भरून चाललेला. जयसिंग मागं लागला. पात्याला बोट लावलं. आणि काय तरी विचारलं. विचारलं हे मला त्याच्या भिवईवरनं कळलं.

मी मान हलवणार हुतो. मान निम्मी खाली गेली बी हुती. मग मी म्हटलं, "जयसिंगा, मला ऐकू आलं न्हाय. हिकडं बघून परत सांग."

हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हटलेलं न्हवतं. बायकोला बी न्हाय. किती साधं हाय बघ. मला वाटलं हुतं, म्हटलं की काय तरी मोडंल. काय मोडलं न्हाय.

त्यानं पाय सैल केला, गाडी मागं घेतली, तोंड माझ्याकडं फिरवलं आणि सावकाश म्हणाला, "ओव्हरटेक मारू का?"

वळण डाव्या अंगाला हुतं. त्याला फुडचं दिसत न्हवतं, मला दिसत हुतं. मी नीट बघितलं. धुक्यात दोन पिवळे दिवे हुते, लांब, पर येत हुते. मी हात आडवा केला. म्हटलं, "थांब."

आणि जयसिंग थांबला, पोरी. ट्रॅक्टरच्या मागं, वाळलेली पानं काचंवर उडत हुती तरी, गप थांबला. एसटी शेजारनं गेली. तिच्या मागं एक फटफटी गेली. मी आणखी थोडं बघितलं, उगंच. तो माझ्याच तोंडाकडं बघून वाट बघत हुता.

मग रस्ता मोकळा झाला, आणि मी म्हटलं, "आता जा."

केरबा